सहा पेनींची कविता

१० फेब्रुवारी १७५१ या दिवशी केंब्रिजमध्ये टॉमस ग्रेच्या हाती एक पत्र पडले. ‘मॅगझिन ऑफ मॅगझिन्स’ नावाच्या लंडनच्या मासिकाकडून आलेले. भाषा मोठी आर्जवी. आपली गावाकडच्या दफनभूमीवरची कविता आमच्या हाती आली आहे, ती आम्ही छापायला घेतली आहे, आपला लोभ असावा आणि यापुढे पत्रव्यवहाराचाही लाभ व्हावा, असा मजकूर. परवानगी कुणी मागितलीच नव्हती, नुसते कळवले होते.

ग्रे हा भिडस्त आणि चोखंदळ माणूस. कविता त्याने आदल्या उन्हाळ्यात पुरी करून आपला मित्र होरेस वॉल्पोल याला पाठवली होती. वॉल्पोलला ती इतकी आवडली की त्याने ती चार जणांना दाखवली, त्या चौघांनी उतरवून घेतली, आणि नकलेची नकल होत होत ती मासिकवाल्यांच्या टेबलावर येऊन पडली. ग्रेने दुसऱ्याच दिवशी वॉल्पोलला लिहिले: रॉबर्ट डॉड्स्लीला गाठ आणि ही कविता ताबडतोब छापायला सांग. कवीचे नाव नको, कडव्यांच्या मध्ये मोकळी जागा नको, आणि ती योगायोगाने प्रकाशकाच्या हाती लागली एवढे वर लिहा. डॉड्स्लीने १५ फेब्रुवारीला पुस्तिका बाजारात आणली. १६ तारखेला मासिक आले, आणि त्यात ग्रेचे नाव कॉलेजसकट छापलेले होते. शर्यत जिंकली ती एका दिवसाने. लपवायचे होते ते नाव मात्र लपले नाही.

डॉड्स्लीच्या त्या पुस्तिकेची किंमत सहा पेनी होती. लंडनमध्ये त्याच सहा पेनींत महिन्याचे अख्खे ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मिळत असे. त्यात बातम्या, बाजारभाव, जन्ममृत्यूच्या याद्या, नव्या पुस्तकांची जंत्री आणि शिवाय दाट छपाईची कवितांची पाने. एकीकडे एक कविता, दुसरीकडे कवितांसकट सारा महिना. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कविता सामान्य वाचकापर्यंत कशी गेली, हे समजायला हा हिशेब बराच उपयोगी पडतो. वाङ्मयाच्या इतिहासात पुस्तकांची नावे राहतात, पण वाचक बहुधा दुसरीकडेच असतो.

हा दुसरा रस्ता बांधला एडवर्ड केव्हने. वडील रग्बी गावातले मोची, मुलगा हुशार म्हणून तिथल्या शाळेत गेला. हेडमास्तरांच्या बाईंचा कोंबडा चोरल्याचा आळ आला आणि शाळेतला मुक्काम अवघड झाला. पुढे लंडनला छापखान्यात उमेदवारी केली आणि नंतर टपाल खात्यात चिकटला. ही नोकरी म्हणजे त्याच्या पुढच्या सगळ्या उद्योगाची किल्ली. गावोगावची वृत्तपत्रे त्याच्या हाताखालून लंडनात येत. त्यांतल्या बातम्या काढून तो लंडनच्या पत्रांना विकी. इकडचे तिकडे नेले की त्याला किंमत येते, हे त्याला इथेच उमगले असणार.

जानेवारी १७३१ पासून त्याने मासिक काढले. क्लार्कनवेलमध्ये सेंट जॉन्स गेट म्हणून एक जुनी दगडी वेस आहे. एका धर्मयोद्ध्यांच्या मठाची ती १५०४ सालची वेस. मठ गेला, वेस राहिली, आणि ती आजही उभी आहे. केव्हने तिथेच छापखाना थाटला आणि वेशीचे चित्र मुखपृष्ठावर घातले. संपादक म्हणून नाव घेतले ‘सिल्व्हेनस अर्बन’, म्हणजे रान आणि शहर दोन्ही एकाच खिशात. पहिल्याच अंकात त्याने सांगून टाकले की एकट्या लंडनमध्ये महिन्याला छापील कागदाचे दोनशे अर्धे ताव बाहेर पडतात आणि राज्यात इतरत्र जवळपास तेवढेच. हे सगळे कोण वाचणार? आम्ही त्यातले निवडून, आखडून देतो. साप्ताहिकांत आलेले निबंध त्याने सरळ उचलून थोडक्यात छापले. वृत्तपत्रांवर १७१२ पासून मुद्रांक कर बसला होता. महिन्याने निघणारी शिवलेली पुस्तिका त्या जाळ्यातून बऱ्याच अंशी निसटत असे. केव्हच्या धंद्यात कारागिरी होती ती ही.

निबंधांसारखीच कविताही उचलली जाई. नव्या पुस्तकातल्या, चोपड्यांतल्या, दुसऱ्या पत्रांतल्या कविता महिन्याच्या आत इथे दिसत. मासिक चालते म्हटल्यावर लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी १७३२ साली एकजुटीने ‘लंडन मॅगझिन’ काढले, आणि १७३९ साली एडिंबराहून ‘स्कॉट्स मॅगझिन’ निघाले. मग ही मासिकेही एकमेकांचे उचलू लागली. ‘मॅगझिन ऑफ मॅगझिन्स’ने तर हा उद्योग नावातच जाहीर केला होता, लाजायचे कारण उरले नाही. ग्रेची कविता फेब्रुवारीत निघाली आणि मार्चमध्ये ‘लंडन मॅगझिन’ आणि ‘स्कॉट्स मॅगझिन’ या दोन्हींत आली. ही मासिके टपालाने दूरदूरच्या गावी जात. डॉड्स्लीच्या दुकानाची पायरी कधीही न चढणाऱ्या वाचकाला ती कविता तिथे भेटली.

मग कायदा काय करत होता? लेखनहक्काचा कायदा १७१० मध्ये आला होता. नव्या पुस्तकाला चौदा वर्षे संरक्षण, लेखक हयात असला तर आणखी चौदा. पण मासिकात एखादी कविता, पुस्तकाचा एखादा भाग किंवा त्याचा सारांश छापला तर काय, याबद्दल सगळे मोघम होते. १७३९ साली केव्हने जोसेफ ट्रॅप नावाच्या धर्मोपदेशकाची गाजलेली प्रवचने आखडून छापायला घेतली, तेव्हा मूळ प्रकाशक खवळले. केव्हची बाजू लिहून काढायचे काम पडले सॅम्युअल जॉन्सनकडे. पुस्तक संक्षेपाने देणे ही लोकांची सोय आहे, आणि ती मालकाच्या मर्जीवर अडवून ठेवता येत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. जॉन्सन त्या वेळी केव्हच्या पगारावर जगत होता हे ध्यानात ठेवूनही तो युक्तिवाद मला फोल वाटत नाही.

हा जॉन्सन आपल्याकडे अनोळखी नाही. त्याचा ‘रासेलस’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतला आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरा केला; ‘निबंधमाले’तही विष्णुशास्त्र्यांनी त्याच्यावर लिहिले. पण चिपळूणकरांना भेटला तो कीर्तिशिखरावरचा डॉक्टर जॉन्सन. सेंट जॉन्स गेटमधला जॉन्सन वेगळा, मजुरीवर लिहिणारा. त्याची या मासिकाशी ओळख कवितांच्या पानावरूनच झाली आणि तीही तक्रारीने. १७३४ साली बर्मिंगहॅमहून, खोट्या नावाने, त्याने केव्हला लिहिले: तुमच्या कवितांच्या सदरात उणिवा आहेत, त्या तुम्हालाही जाणवतच असतील, आम्ही बरे काही पुरवू शकतो. चार वर्षांनी तो खरोखरच तिथे कामाला लागला. ‘लंडन’ ही आपली पहिली मोठी कविता त्याने केव्हला दाखवली तेव्हा ती कुणा गरजू लेखकाची असल्याची बतावणी केली. केव्हने ती डॉड्स्लीकडे धाडली. डॉड्स्लीने तिचे दहा गिनी दिले आणि मे १७३८ मध्ये एक शिलिंग किमतीला ती विकायला काढली. त्याच महिन्याच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे उतारे आले. या वेळी उचलणे आणि जाहिरात करणे यांत फरक करायला जागाच नव्हती.

जॉन्सनची उणिवांबद्दलची तक्रार खोटी नव्हती. त्या पानांवर भरताड पुष्कळ होती. एखाद्या कुत्र्यावर विलापिका, सोम्यागोम्याच्या लग्नावर आशीर्वचने, कोडी, त्या कोड्यांची पद्यात उत्तरे, लॅटिनमधली कसरत. केव्हला काव्याची जाण फारशी नव्हती, पण पैशाची भाषा कळत होती. म्हणून १७३४ साली त्याने जीवन, मरण, अखेरचा न्याय, स्वर्ग आणि नरक या विषयावरच्या सर्वोत्तम कवितेला पन्नास पौंडांचे बक्षीस लावले. पन्नास पौंड म्हटल्यावर राज्यातले पहिल्या फळीचे कवी धावत येतील, आणि निवाडा विद्यापीठे करतील, अशी त्याची कल्पना. मुदत संपली तेव्हा आलेल्यांत ऐकलेले एकही नाव नव्हते आणि विद्यापीठांनी अंग काढून घेतले. जॉन्सनने केव्हच्या चरित्रात ही फजिती सांगताना आपले हसू फारसे लपवलेले नाही. केव्हच्या अशा स्पर्धांमध्ये बक्षिसे मिळवणाऱ्या मोझेस ब्राउनचा धंदा पिसाच्या लेखण्या तासण्याचा होता.

जॉन्सनला हसू आले, मला मात्र केव्हचे हे अपयशच त्याची मोठी कामगिरी वाटते. कवी पोप आणि त्याच्या पंगतीचे लोक फिरकले नाहीत, म्हणून जागा लेखण्या तासणाऱ्याला मिळाली. केंटच्या किनाऱ्यावरच्या डील गावातल्या पाद्र्याची मुलगी एलिझाबेथ कार्टर हिने नोव्हेंबर १७३४ मध्ये ‘एलायझा’ या नावाने एक कोडे पाठवले. वय अवघे सोळा. उत्तरे आली, कौतुक झाले, जॉन्सनने तिच्यावर ग्रीक आणि लॅटिनमध्ये मुक्तके रचली आणि १७३८ साली केव्हने तिच्या कवितांची छोटी पुस्तिका छापली. पुढे याच बाईंनी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचे इंग्रजी भाषांतर १७५८ मध्ये काढून जवळपास हजार पौंड मिळवले. वेल्समधल्या रेक्सहॅमची जेन ब्रेरेटन ‘मेलिसा’ या नावाने लिही. तिला पद्यात उत्तरे देणारा ‘फायडो’ म्हणजे टॉमस बीच हा दारूचा व्यापारी. तोही रेक्सहॅमचाच. एकाच गावातली दोन माणसे एकमेकांशी बोलत होती ती लंडनहून छापून येणाऱ्या पानावर, आणि ते बोलणे सारे राज्य वाचत होते. टोपणनावांचा हा पडदा बायकांना विशेष सोयीचा होता, आणि त्यांनी तो भरपूर वापरला.

या रस्त्यावर बोस्टनहूनही वाटसरू आला. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम मुलगी. तिची स्मरणशक्तीवरची कविता मार्च १७७२ च्या ‘लंडन मॅगझिन’मध्ये छापली गेली. तिचे पुस्तक लंडनला निघाले ते पुढच्या वर्षी, १७७३ मध्ये.

कवीला यातून काय मिळे? बहुतेकदा काहीच नाही, नावही नाही. कविता मासिकातून मासिकात जाताना कडवे गळे, शब्द बदले, मथळा नवा लागे, सही पुसली जाई. छापखान्यात चौकट आधी आणि कविता नंतर. पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली की चार ओळींचे काहीतरी शोधले जाई. ग्रेच्या चडफडण्याला कारण होते. त्याच्या कवितेचा पैसा डॉड्स्लीला मिळाला, कारण सभ्य माणसाने कवितेचे पैसे घेऊ नयेत अशी ग्रेची समजूत होती. पुढे १७५७ मध्ये दोन ओड्स काढताना त्याने सावधगिरी घेतली. छपाई वॉल्पोलच्या घरच्या मुद्रणालयात केली, दोन हजार प्रती काढल्या आणि डॉड्स्लीकडून चाळीस गिनी घेतल्या. त्या ओड्स वाचून बऱ्याच वाचकांनी कळत नाहीत अशी कुरकुर केली. जी फुकट गेली तीच घराघरांत पाठ झाली.

केव्ह १७५४ मध्ये वारला. मासिक त्याच्यामागे दीडशे वर्षांहून अधिक चालले. १७७४ साली लॉर्ड्सच्या सभेने प्रकाशकांचा चिरंतन हक्काचा दावा निकालात काढला आणि जुन्या कवींचे स्वस्त संच निघू लागले. मासिकांतले कवितेचे पान तेव्हाही राहिले, पण जुनी कविता मिळवण्याचा तो एकच स्वस्त मार्ग राहिला नाही. पुढच्या काही वर्षांत ही चाल समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली: १७८० साली कोलकात्याला सुरू झालेल्या हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’मध्ये कवींसाठी वेगळा कोपरा होता.

ही जुनी पाने अलीकडे पुन्हा उघडली गेली आहेत. एमिली लोरेन द मोंटलुझिन या अभ्यासक बाईंनी १७३१ ते १८०० या काळात ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये आलेल्या कवितांची मथळे, कवी आणि पहिल्या ओळींसह सूची तयार केली आहे. ती वाचताना नजर पहिल्यांदा मोठ्या नावांकडे जाते, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याच रकान्यात अडकते. ‘एलायझा’ कोण आणि ‘फायडो’ कोण हे ठाऊक झाले आहे. पण त्यांच्या शेजारच्या कितीतरी आद्याक्षरांपुढे, ग्रीक टोपणनावांपुढे आणि ‘एका बाईकडून’ एवढ्याच सहीपुढे कवीची जागा रिकामीच आहे.