के-एन अक्षरजोडीने सुरू होणारे इंग्रजी शब्द

'के' आणि 'एन' ही दोन अक्षरे आरंभी असलेले शब्द हा इंग्रजी शब्दसंग्रहातील एक छोटा, परंतु नित्य वापरातला गट आहे. यांतील बरेचसे शब्द एकाक्षरी म्हणजे एकाच स्वराचे असून त्यांत पहिले अक्षर 'के' लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. अशा अक्षरास अनुच्चारित अक्षर म्हणतात. हे अक्षर विद्यार्थ्यांना निरर्थक वाटते आणि त्यामुळे शुद्धलेखनात वारंवार गळते. वस्तुतः ते एका लुप्त उच्चाराची लिखित खूण आहे.

प्रमुख शब्द व अर्थ

• नी, के-एन-ई-ई : गुडघा. यावरूनच नील, के-एन-ई-ई-एल : गुडघे टेकणे.
• नो, के-एन-ओ-डब्ल्यू : जाणणे, माहीत असणे.
• नाइफ, के-एन-आय-एफ-ई : सुरी, चाकू.
• नॉट, के-एन-ओ-टी : गाठ, लाकडातील गाठ, तसेच जहाजाच्या वेगाचे एकक. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी 1.852 किलोमीटर. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून जहाजाचा वेग मोजत, त्यावरून हे नाव पडले.
• निट, के-एन-आय-टी : लोकर इत्यादी सुयांवर विणणे. मूळ अर्थ गाठ मारून बांधणे. 'नॉट'शी याचे जवळचे नाते आहे.
• नॉक, के-एन-ओ-सी-के : दार ठोठावणे, ठोकर मारणे.
• नीड, के-एन-ई-ए-डी : कणीक मळणे, तिंबणे.
• नॉब, के-एन-ओ-बी : दाराची गोल मूठ, यंत्राची घुंडी.
• नोल, के-एन-ओ-एल-एल : लहान गोलसर टेकाड.
• नेल, के-एन-ई-एल-एल : मृत्युसमयी किंवा अंत्यविधीच्या वेळी होणारा घंटेचा नाद.
• नॅक, के-एन-ए-सी-के : हातोटी.

नॉट, नॉब आणि नोल या शब्दांच्या अर्थांत गोलसर, फुगीर वस्तूची छटा समान दिसते. मात्र अक्षरजोडी एक म्हणून सर्वच शब्दांचे मूळ एक असे मानता येत नाही. 'नी' व 'नो' यांचे धातू परस्परांहून भिन्न आहेत.

अर्थबदलाची दोन उदाहरणे

नाइट (के-एन-आय-जी-एच-टी) आणि नेव्ह (के-एन-ए-व्ही-ई) या दोन्ही शब्दांचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ 'मुलगा' असा होता. पुढे दोहोंना 'सेवक' हा अर्थ आला. त्यानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. राजाचा सशस्त्र सेवक या अर्थाने 'नाइट'ची प्रतिष्ठा वाढत गेली आणि तो सरदार ठरला. भाषाशास्त्रज्ञ रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या नावामागील 'सर' ही उपाधी अशाच नाइटपदाची निदर्शक आहे. 'नेव्ह' मात्र घसरत जाऊन 'लबाड मनुष्य' या अर्थाला पोहोचला. पत्त्यांच्या खेळात मराठीत ज्याला 'गुलाम' म्हणतात, त्या पानाला इंग्रजीत 'नेव्ह' असेही नाव आहे. तेथे जुना सेवकाचा अर्थ टिकून राहिला आहे.

उच्चाराचा इतिहास

प्राचीन इंग्रजीत हे शब्द 'सी-एन' असे लिहिले जात आणि त्यांतील 'क' स्पष्ट उच्चारला जाई. इ. स. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर लेखनपद्धती बदलली आणि कालांतराने 'सी'च्या जागी 'के' आला. विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला आणि मुद्रणामुळे शब्दांची रूपे हळूहळू स्थिरावू लागली. प्रमाण इंग्रजीच्या उच्चारातून 'क' नाहीसा झाला तो त्यानंतर, साधारणतः सतराव्या शतकात. उच्चार बदलला, पण लेखन जुन्याच रूपात राहिले.

जर्मन भाषेत गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात आणि त्यातील 'क' ऐकू येतो. इंग्रजीतही 'अॅक्नॉलेज' या शब्दात तो ऐकू येतो. इस्रायलच्या संसदेचे 'क्नेसेट' हे हिब्रू नाव इंग्रजीत घेताना आरंभीचा 'क' सहसा उच्चारला जातो.

संस्कृत व मराठीशी नाते

इंग्रजी व संस्कृत या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील आहेत. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ भाषेतील 'ग' जर्मानिक शाखेत 'क' झाला. संस्कृतात त्याच गटातील तालव्य ध्वनीचा 'ज' झाला. म्हणून इंग्रजी 'नी' आणि संस्कृत 'जानु' हे सगोत्र शब्द होत. 'आजानुबाहू' या शब्दात हाच 'जानु' आहे. तसेच इंग्रजी 'नो' आणि संस्कृत 'ज्ञा' हा धातू यांचे मूळ एकच आहे. मराठीतील 'ज्ञान' व 'जाणणे' हे शब्द याच 'ज्ञा'पासून आले आहेत.

लेखन आणि उच्चार यांतील असे अंतर मराठीलाही अपरिचित नाही. 'ज्ञ' हे जोडाक्षर ज् आणि ञ यांचे आहे. परंतु मराठीत त्याचा उच्चार 'द्न्य', हिंदीत 'ग्य', तर गुजरातीत 'ग्न' असा होतो. 'ज्ञान'मध्ये उच्चार बदलला व अक्षर टिकले, तसेच 'नो'मध्ये घडले.

शुद्धलेखनातील महत्त्व

आजच्या इंग्रजीत हा मूक 'के' समोच्चारी शब्दांत भेद करतो. 'के' गाळल्यास 'गाठी'चे 'नाही' होते, 'सरदारा'ची 'रात्र' होते आणि विणण्याच्या क्रियेची 'लीख' होते. त्यामुळे हे शब्द केवळ पाठ करण्यापेक्षा जोडीने अभ्यासणे आणि त्यांचे जुने उच्चार ध्यानी घेणे विद्यार्थ्यांना अधिक उपयुक्त ठरते.