मूर्धन्य ‘ळ’ आणि वऱ्हाडी ‘य’

‘मूर्धन्य’ हे विशेषण साहित्यिकाला लावले की ‘अग्रगण्य’ असा अर्थ होतो, कारण मूर्धा म्हणजे मस्तक. उच्चारशास्त्रात मात्र मूर्धा म्हणजे टाळूचा उंच भाग, आणि तेथे जीभ लागून निघणारे ट, ठ, ड, ढ, ण, ळ आणि परंपरेने ष हे वर्ण मूर्धन्य होत. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर या तालुक्याच्या गावाच्या नावातच त्यांपैकी मराठीचा खास ‘ळ’ बसलेला आहे.

ही संज्ञा तशी अपुरीच आहे. ती केवळ स्थान सांगते, पण जीभ टाळूच्या अगदी माथ्याला पोचतेच असे नाही. पुष्कळदा ती वर्त्साच्या, म्हणजे वरच्या दातांमागील उंचवट्याच्या, किंचित मागे टेकते. खरी खूण आहे ती जिभेचे टोक उचलून मागे वळण्याची, आणि तैत्तिरीय प्रातिशाख्याने ट-वर्गाचे वर्णन करताना स्थानाबरोबर हे प्रतिवेष्टनही नोंदवले आहे. वळलेल्या जिभेखाली लहानशी पोकळी तयार होते, त्यामुळे ध्वनीच्या आलेखात तिसरा अनुनाद खाली उतरतो. ‘ळ’ उच्चारताना हवा जिभेच्या कडांवरून सुटते, म्हणून तो मूर्धन्य असून पार्श्विकही ठरतो.

संस्कृतातील दोन स्वरांमधल्या एकेरी ‘ल’चा मराठीत सामान्यतः ‘ळ’ झाला, तर प्राकृतातील द्वित्त ‘ल्ल’चा ‘ल’ राहिला; म्हणूनच संस्कृत ‘काल’पासून ‘काळ’ आला आणि ‘कल्य’पासून, ‘कल्ल’मार्गे, आदल्या दिवसाचा ‘काल’ आला.

ग्रियर्सनने १९०५च्या भाषा-सर्वेक्षणाच्या खंडात ज्या वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची नोंद केली, त्या बोलींच्या प्रदेशात ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ सर्रास ऐकू येतो. येथे टोक वळत नाही. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि मूर्धन्याच्या जागी तालव्य अर्धस्वर येतो. या उच्चाराला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की बोलीतही ‘काल’ हा ‘काल’च राहतो, म्हणजे ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील जुना भेद ‘य’च्या रूपाने टिकतो, उलट हिंदीच्या वळणाने ‘ळ’च्या जागी सरसकट ‘ल’ म्हटला, की तो पुसला जातो. अर्थात बोलीलाही किंमत मोजावी लागतेच, कारण ‘गाळ’ आणि ‘गाय’ यांचा उच्चार मग एकच होऊन बसतो आणि अर्थ संदर्भावरून ओळखावा लागतो.