चौथ्या मुलाला कांस्य, आठव्याला सुवर्ण

निळ्या मिन्याचा लांबट क्रॉस, पांढरी किनार, मधोमध नाझी स्वस्तिक आणि त्याभोवती ‘जर्मन मातेस’ अशी अक्षरे. पाठीमागे १६ डिसेंबर १९३८ ही तारीख आणि हिटलरची सही. निळ्या-पांढऱ्या बारीक फितीत ओवून तो गळ्यात घालायचा. नाझी जर्मनीचे हे मातृपदक. चार-पाच मुलांच्या आईला कांस्य, सहा-सात असतील तर रौप्य, आठ किंवा त्याहून जास्त असतील तर सुवर्ण. सुवर्ण म्हणजे नुसता मुलामा, आणि सोबत रोख रक्कमही नाही. आपल्या ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’शी आकडा अगदी जुळतो, फरक इतकाच की आपली आजी आशीर्वाद देण्याआधी कागदपत्रे मागत नाही.

इथे मागत. बाईने स्वतः अर्ज करायचा नसे. नगराध्यक्ष किंवा पक्षाचा स्थानिक पुढारी तिचे नाव सुचवी. मग चौकशी सुरू. मुले जिवंत जन्मली होती ना? आईबाप दोघेही ‘जर्मन रक्ता’चे ना? घराण्यात आनुवंशिक आजार? शेवटी सगळ्यात निसरडा प्रश्न: बाई ‘लायक’ आहे का? घर गलिच्छ, नवरा दारुडा किंवा कामचुकार असा शेरा पडला, की दहा मुले असूनही नाव कटे. अशा कुटुंबाला ‘समाजबाह्य’ म्हणत, आणि तो शिक्का पदक हुकण्यापुरता राहत नसे. ज्यू किंवा रोमा आईचा तर विचारच नव्हता.

या चौकशीत अभिप्राय देणारे सरकारी आरोग्य खाते आणखी एका कामात गुंतलेले होते. जुलै १९३३च्या कायद्याखाली ‘सदोष’ ठरलेल्यांची सक्तीने नसबंदी होई. नाझी राजवटीत अशा सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. एका बाईला पदक, दुसरीला शस्त्रक्रियेचा हुकूम, आणि दोन्ही फायली सरकारी डॉक्टरांच्याच टेबलावर.

मे १९३९च्या मातृदिनी पहिले वाटप झाले आणि १९४१पर्यंत चाळीस लाखांहून अधिक पदके गेली. हिटलर युवा संघटनेच्या पोरांनी पदकवाल्या बाईला सलाम ठोकायचा, असा दंडक होता. लोक मात्र खासगीत त्याला ‘सशांचे पदक’ म्हणत.

मुले मोजून पदक देण्याची कल्पना काही हिटलरची नव्हे. लोकशाही फ्रान्सने १९२०मध्येच तसे पदक काढले होते, तेही तीन दर्जांचे. स्टालिनने जुलै १९४४मध्ये दहा मुलांच्या आईसाठी ‘वीरमाता’ किताब काढला, कारण युद्धाने माणसे खाल्ली होती. जर्मन पदकाचे वेगळेपण त्याच्या चाळणीत होते.

१९५७च्या पश्चिम जर्मन कायद्याने सैनिकांना स्वस्तिक काढून टाकलेला लोहक्रॉस पुन्हा छातीवर लावू दिला. मातृपदकाला ती मुभा मिळाली नाही.