रंग पाहून कुळ ठरवू नये!

पावसाळ्यात भिंतीवरून सरपटणारी गोगलगाय कोणी पाहिली नाही? परंतु तिची समुद्रातली काही भावंडे अशी नटलेली असतात की पाहणारा थक्क व्हावा! निळ्या अंगावर काळे पट्टे आणि कडेने नारिंगी काठ. लांबी जेमतेम बोटाएवढी. पाठीवर शंख नाही. अंड्यातून निघालेल्या पिलाला इवलासा शंख असतो, तो वाढीच्या काळात गळून पडतो. श्वास घेण्याचे कल्ले पाठीवर फुलासारखे उघडे असतात. म्हणूनच फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी 1817 साली या गटाला ‘उघड्या कल्ल्यांचे’ अशा अर्थाचे ‘न्यूडिब्रँक’ हे नाव दिले.

शंख गेला, मग संरक्षण कशाचे? विषाचे! या गटातील ‘क्रोमोडोरिस’ वंशाच्या गोगलगायी विषारी स्पंज खातात आणि त्यातले विष स्वतःच्या अंगात साठवतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पाच प्रजाती तपासल्या गेल्या. त्या सर्वांच्या अंगाच्या काठात ‘लॅट्रंक्युलिन ए’ हे एकच विष सापडले. भडक रंग ही माशांसाठी धोक्याची पाटीच होय.

एक पाटी, अनेक धनी

अडचण येते ती इथेच. तांबड्या समुद्रातील क्वाड्रिकलर, पश्चिम प्रशांत महासागरातील मॅग्निफिका, एलिझाबेथिना आणि ॲनी या चौघींच्या अंगावर निळा वा पांढरा, काळा आणि नारिंगी-पिवळा हेच रंग दिसतात. मग ओळखायचे कसे? ॲनीच्या निळ्या भागावर बारीक काळे ठिपके असतात. मॅग्निफिकाच्या नारिंगी पट्ट्याबाहेर पांढरी किनार असते. अशा खुणांवर जाणकारांची भिस्त होती.

परंतु 2018 साली लेटन, गॉसलाइनर आणि विल्सन या संशोधकांनी हिंदी व प्रशांत महासागरांतील क्रोमोडोरिसचे 345 नमुने डीएनएच्या आधारे तपासले, आणि या भरवशाला तडा गेला. एकूण 39 प्रजाती दिसल्या. त्यांपैकी 18 प्रजातींना शास्त्रात नावही नव्हते! रंगाची ठेवण ठाम होती ती अवघ्या पाच प्रजातींची. ‘कोलमानी’ आणि ‘जोशी’ या दोन प्रजाती तर ठिकाणाप्रमाणे रंग बदललेल्या आढळल्या. ज्या भागात ज्या भाऊबंदांची संख्या जास्त, तिथे त्यांच्यासारखा वेष! सगळ्यांची पाटी सारखी असली की मासे धडा लवकर शिकतात. त्यात सर्वांचेच भले.

मग खरी ओळख कशी पटते?

शास्त्रज्ञ शरीर उघडून पाहतात. तोंडात कानशीसारखी दातांची पट्टी असते. तिच्यावरील दातांचा आकार, जननेंद्रियांची रचना, अंड्यांची फीत सपाट की उभी, हे सारे पाहिले जाते. ॲनी आणि एलिझाबेथिना यांचे वर्णन 1877 साली करणारे रुडॉल्फ बर्ग हे कोपनहेगनचे डॉक्टर होते. आता या पद्धतींना डीएनएची जोड मिळाली आहे. 2012 साली जॉन्सन आणि गॉसलाइनर यांनी दोन जनुकांच्या आधारे या कुळाची फेरमांडणी केली आणि क्रोमोडोरिसमध्ये गणल्या गेलेल्या कित्येक प्रजाती दुसऱ्या वंशांत गेल्या.

या फेरबदलात आपल्या मुंबईचे नाव धारण करणारी एक गोगलगायही आहे. विंकवर्थ यांनी 1946 साली तिला ‘ग्लॉसोडोरिस बॉम्बयाना’ म्हटले. पुढे ती क्रोमोडोरिसमध्ये गेली आणि आज ‘गोनिओब्रँकस बॉम्बयानस’ या नावाने ओळखली जाते. पहिला शब्द आडनावासारखा, तो बदलला. दुसऱ्याचे फक्त शेपूट व्याकरणापुरते बदलले. मुंबई मात्र कायम राहिली!

हा केवळ नावांचा खेळ आहे काय? मुळीच नाही. दोन प्रजाती एकाच नावाखाली मोजल्या, तर त्यांतली एक नष्ट झाली तरी यादीत काहीच कमी होत नाही. जिची नोंद नाही, तिच्या जाण्याचीही नोंद होत नाही. औषध शोधणाऱ्यालाही अचूक नाव लागते. नाहीतर कोणते रसायन कोणत्या प्राण्यात मिळाले, याचा मेळ बसायचा कसा?

वाचकहो, ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेलात, तर डबक्यांत जरूर डोकावा. अंग कागदासारखे पातळ असून पाठीवर कल्ल्यांचा गुच्छ नसेल, तर तो बहुधा चपटा कृमी असेल. तोही असेच रंग मिरवतो. गोगलगाय दिसली तर हात लावू नका, उचलून घरी आणू नका. वरून आणि बाजूने छायाचित्र घ्या, दिवस व ठिकाण लिहून ठेवा, ती कशावर बसली होती तेही टिपा. आणि मुलांनी नाव विचारले तर रंगावरून घाईने सांगू नका. ‘आधी नीट तपासू या’ हेच उत्तर खरे!