घरकर्ज दोघांचे, संसार वेगळे

घरासाठी नवराबायकोने मिळून कर्ज काढणे ही आता गावोगावची गोष्ट झाली आहे. दोघांची मिळकत धरली की बँक जास्त रक्कम देते, म्हणून दोघांच्या सह्या होतात. गुरुजी आणि बाई दोघेही नोकरीत असतील तर विचारूच नका. पण चार-पाच वर्षांनी दोघांचे पटेनासे झाले, ती वेगळी राहू लागली, तर त्या कर्जाचे काय? हा प्रश्न कोणी चारचौघांत काढत नाही. गावात तो बहुधा शाळेतल्या मास्तरांपाशी येतो, कागदाची घडी पुढे करून, हळू आवाजात. तेव्हा आज त्याविषयी जरा उघड बोलू.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्या की, घटस्फोट होतो तो नवराबायकोचा. बँक त्या दाव्यात नसते. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या 43 व्या कलमाप्रमाणे दोघांनी मिळून देणे कबूल केले असेल, तर देणेकऱ्यांपैकी कोणा एकाकडूनही सारी रक्कम मागता येते. अर्धी नव्हे, सारी! न्यायालयाने ‘यापुढचे हप्ते पतीने भरावेत’ असे लिहून दिले आणि पतीने ते भरले नाहीत, तर पत्नी त्या हुकुमावरून पतीच्या मागे लागू शकते; पण तो कागद दाखवून बँकेला परत पाठवता येत नाही. बँकेने लेखी मोकळे केल्याखेरीज सही करणारा सुटत नाही.

आता घराकडे वळू. कर्जावर नाव असणे आणि घरावर नाव असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत बरे का. कर्जाच्या कागदावर बायकोची सही आहे, पण खरेदीखत एकट्या नवऱ्याचे, अशी घरे कितीतरी सापडतील. तिच्या माथी देणे आहे, पण मालकी नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे. त्यावरून मालकीचा निवाडा करू नका, खरेदीखत काढून वाचा. त्यात दोघांची नावे असतील, पण हिस्से लिहिले नसतील, तर कोणी किती पैसा घातला त्या प्रमाणात हिस्सा धरतात; आणि तसा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से सारखे मानतात. म्हणून पासबुके आणि हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, मग त्या कोणाच्याही नावच्या असोत.

राहण्याचा हक्क ही तिसरी गोष्ट. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या 2005 सालच्या कायद्याने स्त्रीला, घर तिच्या नावावर नसले तरी, सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तिला कोणी बाहेर काढत असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्याने बँकेचे देणे मात्र मिटत नाही.

थोडा हिशेब करू. वीस लाखांचे कर्ज, 9 टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो सुमारे 18 हजार. पाच वर्षांत 10 लाख 80 हजार भरून झाले. बाकी किती राहिली असेल? पुष्कळजण म्हणतील, नऊ-साडेनऊ लाख. नाही. अजून सुमारे 17 लाख 74 हजार शिल्लक आहे! पहिल्या वर्षांतला हप्ता बहुतेक व्याजातच जातो. मुद्दल फिटले ते फक्त सव्वादोन लाखांच्या आसपास. आता घराला तीस लाख येतील असे धरा. वाटायचे ते तीस लाख नव्हेत. बाकी वजा जाता उरणारे 12 लाख 26 हजार. सारखे हिस्से असतील तर प्रत्येकाला 6 लाख 13 हजार. वाटाघाटीला बसण्यापूर्वी बँकेतून खात्याचा उतारा आणि आजच्या बाकीचे पत्र आणा. निम्मी भांडणे या एका आकड्याच्या गैरसमजावर चालतात, असे मला वाटते.

यातून वाटा दोनच. घर विकून कर्ज फेडावे आणि उरेल ते वाटून घ्यावे. ही वाट मनाला जड, पण व्यवहाराला सर्वांत स्वच्छ. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जाची मुदतीआधी फेड केली, तर बँकेला त्यावर दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 2012 पासूनचा आहे. दुसरी वाट म्हणजे एकाने घर ठेवावे, कर्ज आपल्या एकट्याच्या नावावर घ्यावे आणि दुसऱ्याला त्याचा हिस्सा रोख द्यावा. येथे बँक पुन्हा एकट्याची मिळकत तपासते. ती पुरेशी नसेल तर भाऊ किंवा वडील यांना सहकर्जदार म्हणून आणायला सांगते, नाहीतर नकार देते.

या दुसऱ्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि त्यात बहुतेकदा बायकाच पडतात. ‘आता वाद मिटला, एवढ्या हक्कसोडपत्रावर सही कर, बँकेचे नंतर पाहू,’ असे घरची वडीलधारी मंडळी समजुतीने सांगतात. ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करते. घर गेले, कर्जावर नाव मात्र तसेच राहिले. पुढे तो हप्ते थकवतो आणि नोटीस हिच्या माहेरी येते. म्हणून आधी बँकेचे लेखी पत्र, की हिला कर्जातून मोकळे केले आहे, हिश्श्याची रक्कम हातात, मग हक्कसोड. हा क्रम कोणाच्याही भिडेखातर मोडू नका.

हिंदू विवाह कायद्याप्रमाणे परस्पर संमतीने घटस्फोट मागताना पहिल्या अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे. पण कर्ज असेल तर घाई कशाला? तेवढ्या काळात बँकेचे काम उरकून घ्या. तडजोडपत्रात ‘कर्ज पती फेडील’ एवढेच मोघम न लिहिता कोणत्या तारखेपर्यंत, किती रक्कम आणि न दिल्यास काय, हे लिहून घ्या. धर्म आणि विवाहाचा कायदा कोणताही असो, बँकेपुरता हिशेब सर्वांना सारखाच.

तोपर्यंत हप्ता कोणी भरायचा? रागाच्या भरात ‘मी का भरू?’ म्हणून दोघेही थांबतात, हे सर्वांत वाईट. नव्वद दिवसांहून जास्त थकले की खाते थकीत वर्गात जाते. मग बँक 2002 च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. पतसंस्थेचे कर्ज असेल तर ती सहकार कायद्याच्या 101 व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मागते. शिवाय दोघांचीही पत बिघडते. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले की ते दिसते. तेव्हा ज्याला जमेल त्याने भरावे, आपल्या खात्यातून भरावे. रोख देऊ नये. जास्त भरलेला वाटा दुसऱ्याकडून मागण्याचा हक्क त्याच 43 व्या कलमात आहे.

कर्ज पुरते फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. आणि वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कोणी बाई गप्प बसली असेल, तर तिला तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे पाठवा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तेथे, मिळकत कितीही असो, वकील फुकट मिळतो. जाताना खरेदीखत, कर्जाचा करार आणि खात्याचा उतारा, तिन्हींच्या नकला बरोबर द्या.