चिरकारी हिपॅटायटिस बी आणि यकृतातील उपजत रक्षकपेशी

हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू यकृतपेशींत वर्षानुवर्षे वास करतो; तथापि तो स्वतः त्या पेशींचा फारसा नाश करीत नाही. यकृताची हानी होते ती मुख्यत्वेकरून शरीराच्याच प्रतिकारपेशींकडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या चिरकारी रोगाचे २५.४ कोटी रुग्ण होते. म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे.

आतड्याकडून येणाऱ्या रक्तात जंतूंचे अवशेष सतत असतात. त्या प्रत्येकावर तुटून पडणे यकृतास परवडण्याजोगे नाही. यास्तव तेथील कुप्फर पेशी इंटरल्यूकिन-१० सारखी शामक द्रव्ये स्रवतात. (१८७६ साली कुप्फर यांनी वर्णिलेल्या ताराकृती पेशी वस्तुतः निराळ्याच, मेदसंचयी होत्या, नाव मात्र या भक्षकपेशींना चिकटले!) ही सहिष्णुता विषाणूच्या पथ्यावर पडते. शिवाय चिंपांझींवरील प्रयोगांत २००४ साली असे दिसून आले की, या विषाणूचा शिरकाव व प्रसार होत असता यकृतातील जनुकांच्या कार्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पहारेकऱ्यास चाहूलच लागत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

नैसर्गिक मारक पेशींचे वर्तन याहून गुंतागुंतीचे आहे. रक्तातील लसीकापेशींत त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के, तर यकृतात ३० ते ५० टक्क्यांपर्यंत असते. त्यांच्यापाशी दोन शस्त्रे आहेत. पहिले इंटरफेरॉन-गॅमा. त्याच्यायोगे पेशी न मारताही विषाणूस हटविता येते; १९९९ साली चिंपांझींत यकृतपेशींचा मोठा नाश होण्यापूर्वीच बहुतेक विषाणु-डीएनए नाहीसे झालेले आढळले होते. दुसरे शस्त्र ट्रेल नावाचे प्रथिन. ते लक्ष्यपेशीस मृत्युमुखी लोटते. चिरकारी रोगात इंटरल्यूकिन-१० मुळे पहिले शस्त्र बोथट होते, दुसरे मात्र शाबूत राहते. लंडन येथील संशोधकांनी २००७ साली दाखविले की, रोग उसळतो तेव्हा मारक पेशींवरील ट्रेल वाढते व यकृतपेशी त्यास बळी पडतात. पुढे २०१३ मध्ये त्याच मार्गाने विषाणुविरोधी टी-पेशीही मारल्या जातात, असे निष्पन्न झाले. यामागे यकृतास अतिरेकी दाहापासून वाचविण्याचा हेतू असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु त्याची किंमत जबर आहे.

यामुळेच मारक पेशींना सरसकट चेतविणारी चिकित्सा श्रेयस्कर ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. पेगिलेटेड इंटरफेरॉन-आल्फा दिले असता मारक पेशी वाढतात, टी-पेशी मात्र त्याच वेळी घटतात.