३६०० सेकंदांची आठवण

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याची स्वतःच्या नावाची वेबसाइट आहे. जुनाट, मोबाइलवर अर्धीच दिसणारी. मुलगा सुट्टीत घरी येतो, नवी देखणी साइट तयार करतो आणि शुक्रवारी रात्री डोमेनच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन ओळी बदलतो. नवी साइट झळकते, घरात पेढे येतात. आणि त्याच रात्रीपासून पेढीची ईमेल हळूहळू आटत जाते. हे लक्षात यायला चार दिवस लागतात, कारण न आलेलं पत्र दार वाजवत नाही.

मुलगा शपथेवर सांगेल की ईमेलला त्याने हातही लावला नव्हता. आणि ते खरंच आहे. त्याने बदलले होते नेमसर्व्हर. म्हणजे पेढीच्या सगळ्या चोपड्या जुन्या दिवाणजीकडून काढून घेतल्या आणि जागेवर नवा दिवाणजी बसवला. नव्याच्या चोपडीत वेबसाइटची नोंद होती, टपालाची नव्हतीच. कोणी ती उतरवून द्यायला हवी, हे कुणाला सुचलंच नाही.

एका डोमेनखाली अशा नोंदी अनेक असतात. वेबसाइट कुठल्या यंत्रावर आहे ते ‘ए’ रेकॉर्ड सांगतो, टपाल कुठे टाकायचं ते ‘एमएक्स’. नाव एकच, पण वेबसाइट एका खंडात आणि मेलबॉक्स दुसऱ्या खंडात असं सुखाने नांदू शकतं. ही सोय मुळात वेगळ्याच अडचणीतून आली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या या व्यवस्थेची, रचना मांडली, त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती फाइल सांभाळायचा आणि जगभरची यंत्रं तिची प्रत उतरवून घ्यायची. टपालासाठी डीएनएसमध्ये आधी दोन प्रकारच्या नोंदी होत्या आणि त्यांचा घोळ होत होता. १९८६ च्या जानेवारीत क्रेग पार्ट्रिज यांनी त्या जागी एमएक्सचे नियम लिहिले. तेव्हा कितीतरी संगणक इंटरनेटला जोडलेलेच नव्हते, निराळ्या जाळ्यांतून, टेलिफोनवरून अधूनमधून बोलायचे. त्यांचं टपाल मधल्या कुणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं. म्हणून नियम झाला: या नावाचं टपाल अमुक यंत्राकडे द्या, मग त्या नावाचं यंत्र जागेवर असो वा नसो. शिवाय प्रत्येक नोंदीला एक आकडा. १० वाला आधी, तो सापडला नाही तर २० वाला. लहान आकड्याला मान जास्त.

आता त्या मुलाचं दुसरं आश्चर्य. बदल केल्यावर काही मित्रांची ईमेल व्यवस्थित येत होती, काहींची नाही. त्याला कोणीतरी सांगितलं, ‘बदल जगभर पसरायला वेळ लागतो.’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. पसरत काहीच नाही. डीएनएस कुणालाही निरोप धाडत नाही. एखाद्या सर्व्हरला सांगलीचा पत्ता हवा असेल तर तो विचारतो, उत्तर मिळतं, आणि उत्तराबरोबर एक आकडा मिळतो: टीटीएल, उत्तराचं आयुष्य, सेकंदांत. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तेवढा वेळ तो सर्व्हर पुन्हा विचारायला येत नाही, आठवणीतलंच सांगतो. ‘डिग’ नावाची आज्ञा देऊन हे डोळ्यांनी पाहता येतं. एकदा विचारा, आकडा २९१२. दहा सेकंदांनी विचारा, २९०२. कुठल्यातरी परक्या यंत्रात तुमच्या पत्त्याची आठवण वाळूच्या घड्याळासारखी रिकामी होत असते. मला अजूनही हे पाहायला आवडतं.

बदल म्हणजे जुनी उत्तरं मरायची वाट पाहणं. मग ती आधीच अल्पायुषी केलेली बरी. जाणकार माणूस दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणतो आणि थांबतो, कारण जुनं दीर्घायुषी उत्तर ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना हा नवा आकडाही अजून कळलेला नसतो. खुद्द नेमसर्व्हर बदलायचे असतील तर तेही पुरत नाही. ‘.कॉम’च्या वरच्या नोंदवहीत कुठल्या दिवाणजीला विचारायचं याचं उत्तर १७२८०० सेकंदांचं असतं, पूर्ण दोन दिवस, आणि तो आकडा आपल्या हातात नसतो. या दोन दिवसांत काही जण जुन्या दिवाणजीला विचारतात, काही नव्याला. दोघांच्या चोपड्या शब्दशः सारख्या असल्या तर कुणालाच फरक कळत नाही. आधी उतरवून घेणं, मग बदलणं, आणि जुन्याला लगेच घरी न पाठवणं.

‘नाही’ या उत्तरालाही आयुष्य असतं, हे तर मला फार दिवस माहीत नव्हतं. नोंद तयार करण्याआधीच उतावीळपणे तपासून पाहिली, तर ‘अशी नोंद नाही’ हेच लक्षात ठेवलं जातं, आणि नोंद झाल्यावरही काही काळ नकारच ऐकू येतो.

नुसती वेबसाइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावायची गरजच नसते. ‘ए’ रेकॉर्ड आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद बदलली की काम झालं. एक मेख मात्र आहे. एमएक्स आकड्यांच्या पत्त्याकडे बोट दाखवत नाही, नावाकडे दाखवतो. स्वस्त होस्टिंगवर ते नाव बऱ्याचदा डोमेनचंच असतं. मग वेबसाइट हलली की टपालही तिच्या पदराला धरून नव्या घरी जातं, आणि तिथे त्याला घ्यायला कोणी नसतं. अशा वेळी आधी टपालासाठी वेगळं नाव करून, त्याला जुन्या यंत्राचा पत्ता देऊन, एमएक्स तिकडे वळवायचा. नेमसर्व्हर बदलताना टीएक्सटी नोंदीही विसरल्या जातात. आपल्या नावाने टपाल पाठवायचा अधिकार कुणाला, हे त्यांत लिहिलेलं असतं. त्या हरवल्या तर येणारं टपाल येत राहतं, जाणारं मात्र स्पॅममध्ये पडतं. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत कडक धोरण घेतलं आहे.

टपालाचा स्वभाव मात्र कमालीचा सोशिक आहे. समोरचा सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा पत्र फेकत नाही, रांगेत ठेवतो, पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. प्रमाणित नियमाप्रमाणे हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस. पण यंत्र चालू आहे आणि ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही’ असं ठासून सांगतंय, तर पत्र तिथल्या तिथे परत. म्हणून बदलाच्या काळात कुलूप लावलेलं दार परवडतं. खिडकीतून डोकावून ‘गेले ते, माहीत नाही कुठे’ म्हणणारा शेजारी परवडत नाही. टपालाची नोंदच नसली की पत्र वेबसाइटच्याच यंत्राकडे जातं, आणि त्या सांगलीच्या मुलाचा नवा सर्व्हर नेमका हा शेजारी होता. तो बंद असता तर बरीचशी पत्रं रांगेतच थांबली असती आणि चौथ्या दिवशी नोंद दुरुस्त केल्यावर एकेक करून आली असती.

मेलबॉक्सच हलवायचा असेल, तर जुना आठवडाभर उघडा ठेवतात. पहिल्या दिवशी त्यात पाच-पंचवीस पत्रं पडतात, दुसऱ्या दिवशी दोन-तीन. मग कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरचं घड्याळ शून्यावर येतं, तो पुन्हा विचारतो, आणि पुढचं पत्र थेट नव्या घरी पडतं.